मागच्या बाजूची खोली

हॉटेलच्या फोटोत पलंगावरची ताणलेली चादर दिसते, टॉवेल दुमडून केलेला हंस दिसतो. आवाज तेवढा दिसत नाही. साताऱ्यात स्टँड किंवा पोवई नाक्याच्या आसपास रात्रीपुरती खोली घेणाऱ्याला दिवा मालवल्यावर तो भेटतो. ‘पंढरपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक...’ एवढं ऐकू येतं आणि नेमका आकडा घुमून विरतो. पंढरपूरला जायचं नसलं तरी कान त्या आकड्यासाठी ताटकळतो. मग मागं येणाऱ्या एसटीसाठी कंडक्टरची शिट्टी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात व्यापारी भागात ५५ डेसिबलच्या वर आवाज नको, असं ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात. शिट्टीला ते कोण सांगणार?

खोली दाखवायला आलेला रूमबॉय आधी पंखा लावतो. पाहुणचारच तो, पण त्या घरघरीत बाकीचं सगळं झाकून जातं. पंखा बंद करायला लावावा, खिडकी ओढून घ्यावी आणि दोन मिनिटं नुसतं उभं राहावं. पोरगं चमत्कारिक नजरेनं बघेल, बघू द्यावं.

खरी गोम स्लायडिंग खिडकीत असते. दोन काचा दोन वेगळ्या पट्ट्यांवर सरकतात आणि मधली फट झाकायला लोकरीसारखी बारीक ब्रशची पट्टी असते. चारपाच वर्षांत ती चपटी होते, कुठं कुठं निघूनही येते. लॉक मोडलेलं असेल तर काच चौकटीला घट्ट बसतच नाही. दोन काचा एकमेकींवर येतात तिथं ओलं बोट धरावं; गार लागलं तर जिथून वारा येतोय तिथूनच स्टँडही येणार. भिंत कितीही जाड असो, तिच्या शंभराव्या भागाइतकी जागा उघडी राहिली की आवाज २० डेसिबलच्या आसपासच कमी होतो, जास्त नाही. म्हणून जाड पडद्यावर भरवसा ठेवू नये. तो खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा हॉर्न नाही. त्यापेक्षा वर्तमानपत्राची घट्ट घडी करून फटीत वरपासून खालपर्यंत कोंबावी. दाराखालच्या फटीला अंगपुसण्याचा टॉवेल गुंडाळून लावला की बाहेरच्या फरशीवरून बॅगांची चाकं ओढत येणारं लग्नाचं वऱ्हाडही जरा लांब जातं.

बाथरूमचं दार मात्र विसरलं जातं. सगळ्या मजल्यांच्या बाथरूम एकाच डक्टमध्ये उघडतात, तिथल्या खिडकीला काचेच्या तिरप्या पट्ट्या, त्यातल्या दोन गायब. खालच्या मजल्यावरचा पाहुणा घसा खाकरतो तो थेट उशाशी. दार लावून घेणं एवढाच इलाज, आणि तो फुकट आहे.

वरचा मजला मागून घेणारे हुशार समजले जातात. रस्ता तिथं लांब पडतो हे खरं, पण डोक्यावर लिफ्टची मोटर आणि पाण्याची टाकी असते. पहाटे पंप सुरू झाला की पाइपातून थरथर भिंतीत, भिंतीतून पलंगात उतरते. फोमचे इअरप्लग इथं फारसे चालत नाहीत. पलंग भिंतीपासून चार बोटं ओढला तर थोडं बरं. बाकी आवाजांना प्लग उत्तम, मात्र ते नुसते कानात टेकवायचे नसतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. कापसाच्या बोळ्यानं फक्त मनाचं समाधान होतं.

तेव्हा मधला मजला, लिफ्ट आणि जिन्यापासून लांब, मागची बाजू. काउंटरवर हे मागितलं की उत्तर ठरलेलं: ‘‘सर, मागं व्ह्यू नाही.’’ पुढचा व्ह्यू म्हणजे स्टँडचं पत्र्याचं छप्पर! तरी मागं काय आहे ते विचारून घ्यावं; मंगल कार्यालय, जनरेटर किंवा किचनचा एक्झॉस्ट निघाला तर स्टँड परवडला. कासच्या फुलांच्या हंगामात शनिवारी हे सगळं ज्ञान खिशात ठेवावं लागतं, मिळेल ती खोली घ्यायची.

एवढं सगळं करून पहाटे कुठं डोळा लागतो, तर सहाला दारावरची बेल वाजते. ती कुठल्याच घडीनं अडत नाही.

‘‘सर, गरम पाणी आलंय. नऊला बंद होतंय.’’