थोडे वरून का नाही उडवले?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो, कारण तोंडी उत्तर देताना माझा आवाज चढतो आणि सांगायचे ते राहून जाते. देवगडच्या बाजारात, लग्नकार्यात, तिठ्यावर एसटीची वाट पाहताना मला एकच प्रश्न विचारला जातो. कापसावर औषध मारणारे ते विमान इतके खाली नेण्याची गरजच काय होती, आणि थोडे वरून उडवले असते तर तो वाचला नसता का? तो म्हणजे माझा सहकारी, आमच्याच पंचक्रोशीतला, माझ्यासारखाच फवारणीचा वैमानिक.

खाली उडणे ही आमची हौस होती, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते, आणि ते मला लागते. विमान पिकाच्या शेंड्यांपासून दोन-तीन मीटरांवर ठेवायचे ते औषध त्याच शेतात पडावे म्हणून. एक दशांश मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण पाव मीटर या गतीने खाली उतरतो. तीन मीटरांवरून सोडला, तर ताशी १० किलोमीटरच्या सौम्य वाऱ्यातही पिकावर टेकेपर्यंत तो तीसेक मीटर सरकलेला असतो. तोच थेंब १५ मीटरांवरून सोडला तर जवळजवळ मिनिटभर हवेत राहतो आणि दीडशे मीटरांहून दूर, कोणाच्या विहिरीवर, गोठ्यावर किंवा अंगणात जाऊन पडतो. उंची वाढवली की वैमानिकाचा धोका कमी होतो आणि खालच्या माणसाचा वाढतो. हे गणित आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले होते आणि ते आजही खोटे ठरलेले नाही.

धोके आम्हाला ठाऊक नव्हते असेही कोणी समजू नये. ताशी १६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. त्या वेगात तार डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते खांब, आणि खांबांवरून तार कुठून कुठे गेली असेल याचा अंदाज बांधायचा असतो. शेताच्या टोकाला विमान वर खेचून वळवावे लागते. साठ अंशांत कलून उंची राखत वळताना पंखांवर दुप्पट भार येतो आणि ज्या वेगाखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. एरवी अशी चूक सावरायला खाली मोकळी हवा असते, आमच्या खाली जमीन असे. वळण मात्र आमच्या हातात होते, सरावाने सुधारता येत होते. तारेचे तसे नव्हते.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघे जीपने त्या शेताभोवती फिरलो होतो. खांब, विहीर, कडेच्या बाभळी, सारे वहीत उतरवले होते. गावात दवंडी दिली होती की जनावरे बांधून ठेवा, विहिरी झाका, मुलांना शेताकडे पाठवू नका. सकाळी वारा पडलेला असताना त्याने काम सुरू केले आणि लांबीचे सगळे पट्टे व्यवस्थित पूर्ण केले. शेवटी टोकाची कडा राहते, ती आडव्या फेरीने मारायची असते. मी धावपट्टीवर माझ्या विमानाची टाकी भरून होण्याची वाट पाहत होतो. वळणापूर्वी इंजिनाचा आवाज चढतो, तो चढलाच नाही आणि मध्येच तुटला.

रात्री एका शेतकऱ्याने आपल्या विहिरीवरच्या मोटारीसाठी खांबावर आकडा टाकला होता आणि दोन बांबूंवरून, बाभळींच्या आडून वायर आणली होती. ती सकाळी तशीच राहिली. विमानाच्या चाकाचा पाय तिच्यात अडकला आणि नाक खाली ओढले गेले.

या विमानांत औषधाची टाकी मुद्दाम वैमानिकाच्या पुढे ठेवलेली असते, म्हणजे आदळल्यावर ते वजन त्याच्या अंगावर येत नाही. त्या रचनेने आपले काम केले. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता. पण टाकी फुटली होती. पट्टा दाखवायला कडेला उभा असलेला झेंडेवाला सर्वांत आधी धावला होता आणि उघड्या हातांनी त्याने त्याला बाहेर ओढले होते. दोघेही मोनोक्रोटोफॉसने, म्हणजे त्या फवारणीच्या विषारी औषधाने, भिजले होते. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी माझ्या सहकाऱ्याच्या पापण्या उघडून पाहिल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, ही विषाची खूण, तरीही शुद्ध गेली ती डोक्याच्या माराने की विषाने, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, दिले आणि देत राहिले. शेजारच्या खाटेवर झेंडेवाल्याला उलट्या होत होत्या, त्यालाही तेच इंजेक्शन चालू होते. दुपारी माझा सहकारी गेला. झेंडेवाला वाचला.

तो शेतकरी रुग्णालयाच्या दारात आला आणि पोलिसांनी विचारण्याआधीच त्याने आकडा टाकल्याचे सांगितले. त्याची मोटार रात्रीच्याच विजेवर चालत असे. आमच्या दवंडीत जनावरांचा, मुलांचा, विहिरींचा उल्लेख होता. तात्पुरती वायर काढून ठेवा, असे त्यात कोणी सांगितले नव्हते, कारण दवंडीचा मजकूर खालच्या माणसांना औषधापासून जपण्यासाठी ठरलेला होता.

थोडे वरून का नाही, हे मला सर्वांत आधी विचारले ते त्याच्या आईने. मी म्हणालो, "काकी, त्या कामात वरून उडवता येत नाही." त्या म्हणाल्या, "येत नाही, की उडवू देत नाहीत?" मी दोन्ही म्हणालो असतो तरी ते खरेच ठरले असते, पण मी काहीच बोललो नाही.

त्या वयातला मी ठामपणे म्हणत असे की जोखीम आमची आहे, आम्ही ती पगार घेऊन पत्करली आहे, खालच्या माणसाने पत्करलेली नाही, म्हणून खालीच उडायचे. त्या तरुणाला आज मी विचारतो की झेंडेवाल्याने ती कधी पत्करली होती? विमान दोन मीटरांवर असो की दहा, तो रोज फवाऱ्याच्या कडेलाच उभा असे. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. पण म्हणून वरून उडणे बरोबर होते असेही मी म्हणणार नाही.

म्हणूनच आपल्या हापूसवर हेलिकॉप्टर का येत नाही, या दुसऱ्या प्रश्नाला मी लगेच नकार देतो. इथे कातळावर आणि उतारावर कलमे आहेत, मध्येच माड उभे आहेत, ओढे ओलांडून या डोंगरावरून त्या डोंगरावर तारा गेल्या आहेत आणि त्यांचे खांब झाडीत बुडालेले आहेत. इथे शेंड्यांलगत उडणे म्हणजे तारेला आमंत्रण, आणि वर गेले की औषध खालच्या वाडीच्या पाण्यात. मोहोरावर तुडतुडे येतात त्या दिवसांत पहाटे वारा पडलेला असतो, पण दिवस चढला की खारा वारा सुटतो. जांभ्याच्याच जमिनीवर, अशाच डोंगरउतारांवर, केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवर २००० सालापर्यंत वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले आणि तिथल्या वाड्यांनी त्याचे काय भोगले हे साऱ्या देशाने पाहिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ते औषधच थांबवले.

आता ड्रोन आले आहेत. वैमानिक जमिनीवर उभा असतो आणि त्याच्या जिवाची ती भीती संपली, ही फार मोठी गोष्ट आहे. ती आमच्या वेळी असती तर काकींना तो प्रश्न विचारावा लागला नसता. पण वाऱ्याचे गणित बदललेले नाही, आणि ड्रोनच्या बाजूला उभा राहणारा गडी आमच्या झेंडेवाल्याच्याच जागी उभा असतो. त्याला मास्क आणि हातमोजे आधी द्या, त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे करा, आणि बागेत नवी वायर ओढली असेल तर ती दाखवायला आदल्या संध्याकाळी मालकाने स्वतः यावे. उंचीबद्दल मात्र मला पुन्हा विचारलेत तर मी पुन्हा खालीच म्हणेन, आणि काकींसमोर ते आजही म्हणू शकणार नाही.