एक्सपायर झाले, वारले, गेले

फेब्रुवारीत माझे थोरले काका गेले. चुलतभावाचा फोन आला तेव्हा साताऱ्यात पहाटेचे पाच आणि इथे बर्मिंगहॅमला रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि तो एवढंच म्हणाला, "अगं, पप्पा एक्सपायर झाले." पुढे दोघांनाही बोलता येईना. तिकीट काढून मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे तू येतेस का वगैरे त्याने विचारलंच नाही. बाहेर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी मॅनेजरला मेल टाकला, माय अंकल एक्सपायर्ड लास्ट नाईट, आज येऊ शकत नाही. पाच मिनिटांत उत्तर, सॉरी फॉर युअर लॉस, हवी तेवढी सुट्टी घे, कामाची काळजी करू नकोस. काका म्हणजे जवळचं नातं धरायचं का, कागद काय लागतील, एका शब्दाने विचारलं नाही. पुण्यात नोकरीला होते तेव्हा आजीच्या वेळी दोन दिवसांसाठी काय काय ऐकून घ्यावं लागलं होतं ते आठवलं. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की इथल्या लोकांचा चांगुलपणा मला दिसत नाही. दिसतो, आणि मनापासून कौतुकही आहे.

तीन दिवसांनी ऑफिसला गेले. शेजारच्या टेबलावर एक साठीच्या आसपासची बाई बसते, मी नवीन असताना बिनचा, म्हणजे कचरा नेण्याचा, वार कुठला इथपासून ते जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव कसं घालायचं इथपर्यंत सगळं तिनेच शिकवलं. तिने मला चहा करून आणून दिला, हात हातात घेतला, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस, पण माणसांना आम्ही एक्सपायर्ड म्हणत नाही, ते दुधाचं होतं, पासपोर्टचं होतं, माणसाला डाइड म्हण नाहीतर पास्ड अवे म्हण. पुढे कुठे लिहिशील तर लोकांना विचित्र वाटेल म्हणून सांगते.

मी थँक्यू म्हणाले. नंतर टॉयलेटमध्ये जाऊन रडले, त्यातलं किती काकांसाठी होतं आणि किती त्या शब्दासाठी ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मात्र संताप संताप झाला. आपल्याकडे फोनवर, व्हॉट्सअपवर, हॉस्पिटलच्या कागदावर, सगळीकडे माणूस एक्सपायरच होतो. मेला म्हणणं तोंडाला येत नाही, वारले लिहायला जमतं पण फोनवर एकदम म्हणायला जड जातं, तिथे हा परका शब्द मध्ये पडतो आणि बोलणाऱ्याला जरा आडोसा मिळतो. माझ्या भावाने त्या पहाटे हाच आडोसा घेतला होता. आणि तो शब्द मुळात आहे काय तर लॅटिनमधून आलेला, श्वास बाहेर टाकणे. प्राण सोडला म्हणतो ना आपण, तेच. जुन्या इंग्रजीत माणसांसाठी सर्रास वापरायचे, अमेरिकेत हॉस्पिटलच्या नोंदींमध्ये पेशंट एक्सपायर्ड असं अजून लिहितात. म्हणजे आमचा एक्सपायर श्वासाजवळ राहिला आणि यांचा दुधाच्या बाटलीवरच्या तारखेजवळ गेला, मग विचित्र कोण? त्या आठवड्यात हे वाक्य मी नवऱ्याला कमीत कमी दहा वेळा ऐकवलं असेल.

पण मग तिथून जे डोक्यात घुसलं ते गेलंच नाही. कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो याला इथे कोलोकेशन म्हणतात, आणि मी रोज ऑफिसात कान लावून तेच ऐकायला लागले. पाऊस हेवी, ट्रॅफिक हेवी, खूप सिगारेटी ओढणारा माणूसही हेवी स्मोकर, पण वारा मात्र स्ट्राँग. माणूस टॉल, झाड टॉल, डोंगर मात्र हाय, आपल्याला सगळ्याला एक उंच पुरतो. ट्रेन फास्ट, फूडसुद्धा फास्ट, पण पटकन केलेली अंघोळ क्विक शॉवर. चूक मेक करायची आणि होमवर्क डू करायचा, आपल्याकडे दोन्ही करायचंच असतं त्यामुळे डू अ मिस्टेक आपोआप तोंडातून जातं. आणि याला व्याकरणाचा नियम नाही. भाषेचे अभ्यासक हॅलिडे यांचं १९६६ सालचं एक उदाहरण आहे, चहा स्ट्राँग असतो पण पॉवरफुल नसतो, गाडी पॉवरफुल असते पण स्ट्राँग नसते, आणि आर्ग्युमेंट मात्र दोन्ही चालतं. का, तर कारण नाही, इतकी वर्षं तसे शेजारी बसलेत म्हणून. शेजारणीने आणून दिलेला तो चहा चांगलाच स्ट्राँग होता, आपल्याकडे आपण कडक म्हणतो.

आणि काही शब्दांना संगतच वाईट लागते. माझ्या एका रिपोर्टमध्ये मी लिहिलं होतं की नव्या सिस्टिमने सुधारणा कॉज केली, तर माझ्या वरच्या पदावरच्या बाईने ते खोडून लेड टू केलं. तेव्हा वाटलं उगाच शहाणपणा. नंतर कळलं की कॉजच्या पुढे बहुतेक वेळा अपघात, नुकसान, त्रास, आजार असलंच काहीतरी येतं, त्यामुळे तिच्या कानाला ते खटकलं आणि का खटकलं ते तिलाही सांगता आलं नसतं. आपला कारणीभूत तसाच आहे की. माझ्या यशाला आई कारणीभूत आहे असं कुणी म्हटलं तर आईला कसं वाटेल बघा. किंवा नादी लागणे. पत्त्यांच्या नादी लागतो, बाईच्या, दारूच्या, पण पोरगं गणिताच्या नादी लागलं असं कुठली आई कौतुकाने सांगते?

याहून जड उदाहरण ऑफिसच्या एका ट्रेनिंगमध्ये मिळालं. आत्महत्येसाठी कमिट सुइसाइड म्हणू नका, डाइड बाय सुइसाइड म्हणा असं सांगितलं, कारण कमिटच्या शेजारी खून, चोरी, गुन्हा हेच शब्द बसतात. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत आत्महत्या हा खरंच गुन्हा होता, कायदा बदलला पण शब्दाची संगत साठ वर्षांनंतरही सुटलेली नाही. हे ऐकून मी गप्प बसले. आपल्या शब्दात तर हत्या आतच आहे.

मग एका शनिवारी मुलीला घेऊन सेंटेनरी स्क्वेअरच्या मोठ्या लायब्ररीत गेले आणि तिथे वाचता वाचता मला बरं वाटलं. शब्द कसा आहे ते त्याच्या सोबत्यांवरून ओळखावं असं १९५७ मध्ये लिहिणारे फर्थ नावाचे इंग्लिश प्रोफेसर, ते १९२० च्या दशकात लाहोरला, पंजाब युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवत होते. आपल्यासारख्याच पोरांना. त्यांच्या वर्गातही कुणीतरी आय गेव्ह द एक्झाम म्हटलंच असेल, मला तर खात्रीच आहे. आणि इंग्रजी कोलोकेशनची पहिली मोठी यादी कुठे झाली असेल? लंडनला नाही, टोकियोला, १९३३ मध्ये, पामर म्हणून होते त्यांनी जपानी विद्यार्थ्यांसाठी केली. हॉर्नबींची डिक्शनरी, जिच्यावरून पुढे ऑक्सफर्डची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी निघाली आणि जी आपल्याकडे घरोघरी असते, तीसुद्धा आधी १९४२ मध्ये टोकियोतच छापली गेली. म्हणजे यांचे शब्द कोण कुणाशेजारी बसतात हे मोजून मांडायची गरज बाहेरच्यांमुळे पडली. घरातल्या माणसाला घरातलं फर्निचर दिसत नाही, अडखळतो तो पाहुणा.

आणि माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर जी बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटी आहे, मोठा लाल विटांचा घड्याळाचा टॉवर असलेली, तिथेच १९८० च्या दशकात तिथले प्रोफेसर सिंक्लेअर आणि त्यांच्या लोकांनी लाखो शब्दांचं खरंखुरं इंग्रजी कॉम्प्युटरमध्ये भरून कुठला शब्द कुणाबरोबर येतो ते मोजलं आणि १९८७ मध्ये कोबिल्ड डिक्शनरी काढली. आठ वर्षं त्या घड्याळावरून जातेय, मला पत्ता नव्हता.

आता आय गेव्ह द एक्झामचं सांगतेच. इथल्या पहिल्या इंटरव्ह्यूला मी अभिमानाने सांगितलं होतं की अमुक साली ही परीक्षा दिली, तर समोरचा म्हणाला, ओ, म्हणजे तू शिकवायचीस? इथे परीक्षा मास्तर देतो आणि विद्यार्थी ती सिट करतो, बसतो. आपल्याकडेही परीक्षेला बसतातच, पण देतातही, आणि मला आपलं देणंच जास्त खरं वाटतं. अहो, रात्री जागून, घरच्यांनी टीव्ही बंद ठेवून, दही-साखर खाऊन जे पोरगं जातं ते काहीतरी देतंच ना? नुसतं बसतं का? तसंच पास्ड आउट. पास्ड आउट इन २००९ म्हटलं तर यांना वाटतं मी २००९ मध्ये चक्कर येऊन पडले. पण यांच्याच लष्करात कॅडेट बाहेर पडतात तेव्हा पासिंग आउट परेड होते, खडकवासल्याला एनडीएत होते तशीच. त्यांनीच दिलेला शब्द आपण कॉलेजला लावला तर एवढं काय? हे सगळं मी त्या इंटरव्ह्यूत बोलले नाही अर्थात. आज इथे बोलतेय.

पण खरं सांगायचं तर शब्द नीट बसवायची सवय मला लावली ती काकांनीच. काकांची शेती कोरेगावकडे. मी सातारा शहरातली, सुट्टीत जायचे, आणि एकदा ऐटीत म्हणाले की आज ज्वारी तोडायला जायचंय. काका हसले नाहीत. म्हणाले, "ज्वारी तोडत नाहीत पोरी, काढतात. तोडतात तो ऊस." मग बांधावर बसून सगळं सांगितलं, भुईमूग उपटायचा, कणसं खुडायची, मिरची तोडायची, आंबे उतरवायचे, कापूस वेचायचा. पारिजातकसुद्धा वेचायचा, कारण तो आपण तोडत नाही, तो आपला आपण पडलेला असतो. प्रत्येक पिकाला हात वेगळा लागतो म्हणून शब्द वेगळा. आणि काकूचं वेगळंच, दिवा विझवला म्हटलं की ती चिडायची, दिवा मालवतात किंवा शांत करतात. दुकान बंद नाही करायचं, वाढवायचं. बांगडी फुटली नाही, वाढवली. काळोख मिट्ट, अंधार गुडुप, लिंबू आंबटढाण, रान हिरवंगार. दूध नासतं, भात आंबतो, खोबरं खवट होतं. काकूचा हा फडताळाएवढा कारभार इंग्रजीत मांडून दाखवा म्हणावं कुणालाही. इंग्रजीत लोणी रॅन्सिड आणि दूध सावर होतं, तेवढं आहे त्यांच्याकडे, पण आपल्याइतकं भरलेलं मला तरी वाटत नाही. मी तटस्थ नाहीये हे मान्य.

त्या लायब्ररीच्याच दिवशी रात्री माझी आठ वर्षांची मुलगी ओल्या केसांनी बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मी अंघोळ घेतली." मी लगेच म्हणाले, "घेत नाहीत गं, करतात." ती म्हणाली, "बाथ घेतात ना पण?" फोटोही ती घेते, काढत नाही. चित्र बनवते, काढत नाही. सर्दी तिला होत नाही, तिच्याकडे असते. शब्द सगळे मराठी, शेजार सगळा इंग्रजी. मी तिला दुरुस्त केलं तेव्हा माझा आवाज अगदी त्या ऑफिसातल्या बाईसारखा हळू होता, आणि मुलीचा चेहरा पडला. मग मी तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि ज्वारीची गोष्ट सांगितली. काढणे हा शब्द तिला एकदम आवडला, ज्वारी पण काढतात, चित्र पण काढतात, दृष्ट पण काढतात, फोटो पण काढतात, म्हणजे एकाच शब्दाला किती फ्रेंड्स. दोन दिवस ती घरभर काढत फिरत होती.

ऑफिसातल्या बाईशी मी नंतर बोलले. तिला सांगितलं की आमच्याकडे तो शब्द श्वासाचा आहे. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिच्या आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात तसं काहीतरी असायचं. तिने सॉरी म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती आणि ती म्हणालीही नाही. इथे कुणाला लिहायचं झालं तर मी आता पास्ड अवे लिहिते, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

परवा काकांचं मासिक श्राद्ध होतं. व्हिडिओ कॉलवर सगळे होते, पान वाढलेलं दिसत होतं, कावळा शिवायची वाट बघत होते. शेजारचे एक आजोबा आले, त्यांना ऐकू कमी येतं, हे कशाचं म्हणून विचारलं. भाऊ त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "पप्पा एक्सपायर होऊन महिना झाला, आबा." आबांनी टोपी काढली, फोटोला हात जोडले आणि काकूशेजारी चटईवर बसले.