जुना रंधा, नवं पातं

वडिलांचा चार नंबरचा लोखंडी रंधा माझ्याकडे आला तेव्हा त्याचं पातं धार लावून लावून जवळजवळ खाचेपर्यंत झिजलं होतं. बाकी रंधा ठणठणीत होता. स्टॅन्ले या अमेरिकी अवजार कंपनीने १८६९ मध्ये रंधे बनवणाऱ्या लेनर्ड बेलीचा व्यवसाय घेतला. त्या धाटणीच्या रंध्यांची मूळ रचना पुढे फारशी बदलली नाही, म्हणून आजची पातीसुद्धा त्यांत बसतात. निदान मी असं धरून चाललो होतो.

मूळ पातं जेमतेम २ मिलिमीटर जाड. कठीण लाकडावर ते थरथरायचं आणि पृष्ठभागावर लाटा उठायच्या. जाड पातं थरथरत नाही हे ठाऊक होतं, म्हणून मी सरळ ३ मिलिमीटरचं मागवलं. रुंदी मोजली होती, एवढी जाडी रंध्यात बसेल का, याचा विचारच केला नव्हता.

बसवायला गेलो तर पात्याची धार रंध्याच्या तोंडातून, म्हणजे तळातल्या फटीतून, बाहेरच येईना. पातं ज्या उतारावर टेकतं तो फ्रॉग मागे सरकवला. पण तो तळाच्या उताराशी सपाट जुळला की तिथेच थांबावं लागतं. त्यामागे नेला तर पात्याला खालून आधार उरत नाही. आता तोंडाची पुढची कड कानशीने घासायची, एवढंच उरलं होतं. कानस हातात घेतली, पण आधी पातं वरखाली करणारं पितळी चाक फिरवून पाहिलं आणि बरं झालं. पातं वरखाली होईना. चाकाला जोडलेली लोखंडी जिभली पात्याच्या खाचेतून जाऊन पात्यावर स्क्रूने बसवलेल्या वरच्या पट्टीत अडकायला हवी. एवढ्या जाडीतून ती पट्टीपर्यंत पोचतच नव्हती. तोंड कितीही घासलं असतं तरी याला उपाय नव्हता, आणि घासलेलं लोखंड परत येत नाही.

ते पातं परत केलं आणि २.४ मिलिमीटरचं घेतलं. पोलादही मुद्दाम ओ१ या प्रकारचं निवडलं. ए२ या दुसऱ्या प्रकाराची धार जास्त टिकते, पण मला निसण्यावर पटकन धार लागणं जास्त मोलाचं वाटतं. हे पातं कानस न लावता बसलं.

तरीही छिलके अडकायचे. पातं आणि वरची पट्टी एकत्र धरून उजेडासमोर पाहिलं, तर मधून बारीक फट दिसली. पट्टीची कड निसण्यावर घासली, फट बंद होईपर्यंत. यात अख्खी दुपार गेली. सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडला, असं माझं ठाम मत आहे. मग पट्टी धारेपासून पाव मिलिमीटरपेक्षाही जवळ आणली, तेव्हा उलट्या नसेच्या फळीवरचे रेषे उचकटणं थांबलं.

जुनं पातं मी टाकलेलं नाही. खाचेखाली थोडी धार अजून शिल्लक आहे. मऊ लाकडावर हलका हात फिरवायचा असला की ते लावतो.