नोमॅड, निळा रंग आणि जुलै महिना

जुलैत स्प्रे मारू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मला शेव्हर्ले या अमेरिकन कंपनीच्या 1957 च्या नोमॅड गाडीचं प्लास्टिकचं मॉडेल करायचं होतं. दोनच दारांची स्टेशन वॅगन, छपरावर आडव्या खाचा, मागच्या फाळक्यावर क्रोमच्या सात उभ्या पट्ट्या. या घाटाची गाडी 1955 ते 1957 अशी तीनच वर्षं निघाली. 1:25 च्या मापात ती जवळजवळ वीतभर होते. इंजिन, चॅसी, सीटा दोन रविवारांत उरकल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रंग ठरलेले होते. छत इंडिया आयव्हरी, म्हणजे हस्तिदंती पांढरं (शेव्हर्लेच्या रंगाचं खरंच हे नाव आहे), खाली लार्कस्पर ब्लू. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून जुळवून घेतलेला लॅकर (थिनरमध्ये पातळ करायचा, पटकन वाळणारा रंग), घरचा एअरब्रश, ठाण्याच्या फ्लॅटची गॅलरी आणि बाहेर मुसळधार. छत झकास निघालं. निळा मारला आणि दहा मिनिटांत गाडीला कुणी भस्म फासल्यासारखं झालं. वर आणखी एक हात मारला, तर आणखी पांढरी. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर धरते, हे मला नंतर कळलं. छतावरही तेच झालं असणार, पण आयव्हरीवर पांढरं दिसतंय कुणाला!

चार दिवस एअरब्रशला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरला शिव्या घातल्या. मग दुकानात गेलो. काउंटरवरचा म्हणाला, "साहेब, फडक्यावर एनसी थिनर घ्या नि पुसा. चकाचक."

पुसलं. रंग गेला, प्रायमर गेला आणि खालचं प्लास्टिकही मऊ पडलं. मागच्या खिडकीखाली माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, आधार कार्डासाठी चालेल इतका स्वच्छ. एनसी थिनर म्हणजे लॅकर पातळ करायचं जहाल थिनर, ते पॉलिस्टायरीनला, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकला खातं, हे लोखंडी गाड्या रंगवणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही. मला असायला हवं होतं, त्याचाच राग जास्त आला.

मग बॉडी आइस्क्रीमच्या डब्यात ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली. आईने विचारलं, "कसलं लोणचं घातलंयस?" सकाळी जुन्या टूथब्रशने सगळा रंग निघाला, चांगलं झालेलं छतसुद्धा. (हातमोजे घाला. मी घातले नव्हते.) ठसा पुट्टीने भरला, 400, 800, 1200 असे पॉलिशपेपर ओले करून फिरवले आणि हवेतला दमटपणा मोजणारा एक हायग्रोमीटर आणला. गॅलरीत आकडा 86 टक्के. दुसऱ्या दिवशी 89. गणपती झाले, तरी 80 च्या खाली यायला तयार नाही. रोज ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी तो आकडा बघायचो. खऱ्या नोमॅडच्याही फाळक्यातून पावसाचं पाणी आत यायचं म्हणतात, म्हणजे पावसाशी हिचं वैर जुनंच.

दसऱ्यानंतर एका दुपारी आकडा 52. प्रायमर आधीच वाळलेला होता. निळा अगदी पातळ, फवारल्या-न फवारल्यासारखा चार हातांत मारला. अर्ध्या तासात काम संपलं. घाई असेल तर थिनरमध्ये थोडं रिटार्डर घालतात, रंग सावकाश वाळतो. पण 86 वर त्याच्या भरवशावर मी तरी राहणार नाही.

हां, काचा सुपरग्लूने चिकटवू नका, धुरकट होतात, आणि वॅगनला काचाच काचा. साधा पांढरा फेविकॉल पुरतो. फाळक्याच्या पट्ट्यांना मॉडेलवाल्यांचा पातळ चिकट फॉइलच हवा, चॉकलेटचा चंदेरी कागद जाड पडतो.

शेवटी टाचण्यांचं कॅरिअर केलं, त्यावर एम-सीलची ट्रंक, वळकटी आणि एक फणस. अमेरिकन गाडी निघाली कोकणात!

फोटो दुकानात दाखवला. काउंटरवरचा तोच माणूस निरखून बघत म्हणाला, "थिनरने पुसली ना? सांगितलं होतं."