तुम्ही विचारलेत म्हणून: इंधनाच्या जहाजाने कोणती लढाई लढली?

गोवा मुक्तिदिनाच्या सुमारास फोंडा, डिचोली किंवा पेडण्याच्या एखाद्या शाळेत मला बोलावणे येते, आणि मी नौदलात ‘शक्ती’ या इंधनवाहू नौकेवर होतो असे सांगितले की मुलांचा, बरेचदा शिक्षकांचाही, प्रश्न ठरलेला असतो: काका, तुमच्या जहाजाने कोणती लढाई लढली? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण रसदनौकेची कामगिरी बहुधा दुसऱ्या नौकांच्या नावावर जमा होते.

गोव्याचेच पाहा. १८ डिसेंबर १९६१ रोजी ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ यांनी मुरगाव बंदरात ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला निकामी केले, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. त्या मोहिमेसाठी नौदलाने चार पथके उभी केली होती आणि त्यांतल्या साहाय्य (म्हणजे रसद पुरवणाऱ्या) पथकात ‘धारिणी’ ही एकच नौका होती. तिचे नाव मात्र मुक्तिदिनाच्या एकाही भाषणात मी ऐकलेले नाही.

आमचे काम कसे चालते तेही सांगायला हवे. इंधन देणारी नौका आपली दिशा आणि सुमारे १२ ते १४ नॉटचा (म्हणजे ताशी तितक्या सागरी मैलांचा) वेग अजिबात बदलत नाही. घेणारी युद्धनौका मागून येऊन तिच्या बाजूला, तीस-चाळीस मीटरवर, समांतर धावू लागते. मग बंदुकीने एक बारीक दोर पलीकडे सोडतात, त्याला बांधलेला जाड दोर ओढला जातो, त्यामागून पोलादी तार येते आणि तिच्यावरून तेलाची जड नळी सरकत जाते. दोन जहाजांमधल्या चिंचोळ्या पाण्याचा वेग वाढून दाब घटतो आणि ती एकमेकांकडे खेचली जाऊ लागतात, म्हणून सुकाणूवरच्या माणसाला अर्ध्या अंशाचीही चूक परवडत नाही. लाट उसळून अंगावर येत असते, हातमोजे भिजून जड होतात, आणि समोरच्या डेकवरच्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसत असला तरी आवाज ऐकू येत नाही, बराचसा व्यवहार इशाऱ्यांवर चालतो. हे अंधाऱ्या रात्रीही करावे लागते.

‘शक्ती’ आणि तिच्याआधीची ‘दीपक’ या दोन्ही नौका जर्मनीत बांधलेल्या. ‘दीपक’ने १९६७ ते १९९६ आणि ‘शक्ती’ने १९७६ ते २००७ अशी सेवा केली, पुढे रशियात बांधलेली ‘ज्योती’ आणि कोलकात्यात बांधलेली ‘आदित्य’ आली. ‘शक्ती’च्या अखेरच्या काळातली एक कामगिरी मी मुलांना आवर्जून सांगतो. जुलै २००६ मध्ये ‘मुंबई’, ‘ब्रह्मपुत्र’ आणि ‘बेतवा’ (ही त्याच नावाची नवी नौका) यांच्यासह ती भूमध्य समुद्रातून घरी निघाली होती, तोच लेबनॉनमध्ये युद्ध भडकले आणि ताफा माघारी वळवण्यात आला. बेरूतमधून सायप्रसच्या लार्नाका बंदरात २,२८० माणसे सुखरूप पोहोचवली गेली, त्यांत भारतीयांबरोबर श्रीलंकेचे आणि नेपाळचे नागरिकही होते. घरापासून इतक्या दूर, घरी परतण्याच्या वाटेवर असलेल्या ताफ्याला अशी आज्ञा तात्काळ पाळता येते, ती इंधन सोबत चालत असते म्हणून. त्या वेळी मी नौकेवर नव्हतो, तरी ती बातमी वाचताना डोळे भरून आले होते.

‘दीपक’ आणि ‘शक्ती’ याच नावांच्या नव्या नौका २०११ मध्ये इटलीहून आल्या. नवी ‘दीपक’ १७५ मीटर लांब, भारासहित सुमारे २७,५०० टनांची, आणि तासाला १,५०० टन इंधन देऊ शकणारी आहे. ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका २०१३ च्या हिवाळ्यात रशियाच्या उत्तर टोकाकडून निघून जानेवारी २०१४ मध्ये कारवारला पोहोचली, तेव्हा तिच्या सोबतीला ‘त्रिकंड’ ही युद्धनौका होती आणि ही ‘दीपक’ही होती. छायाचित्रे अर्थातच ‘विक्रमादित्य’ची छापून आली.

आता विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये अशा आणखी पाच नौका बांधण्याचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आहे, सुमारे १९,००० कोटी रुपयांचा. त्यांच्या डेकवर उभे राहणाऱ्यांत गोव्याची मुले असावीत अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून शाळेत मी सुतळीचे दोन तुकडे घेऊन जातो आणि बारीक दोराला जाड दोर कसा जोडायचा ते आधी शिकवतो.