आमची वाटचाल: लांडगा, आजी आणि आम्ही

आमच्या ॲनिमेशन स्टुडिओची पहिली काही वर्षं दुसऱ्यांच्या कामात गेली. जाहिरातींतले हलणारे लोगो, कंपन्यांचे माहिती समजावून सांगणारे एक्सप्लेनर व्हिडिओ, शाळांसाठीचे धडे. पगार त्यातून निघाले आणि हातही त्यातच बसला. पण स्वतःची एक शॉर्टफिल्म करायची, तीही परीकथेचं विडंबन, हे आधीपासून ठरलेलं होतं.

पाच-सहा मिनिटांत पात्रांची ओळख करून द्यायला सवड नसते. लाल टोपीवाली मुलगी, आजी आणि लांडगा पडद्यावर आले की पुढचं सगळं प्रेक्षकाला पाठ असतं, मग थेट त्याच्या अपेक्षेशीच खेळता येतं. फ्रेंच लेखक शार्ल पेरोने १६९७ मध्ये ही गोष्ट छापली तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. तिला सोडवणारा शिकारी जर्मन लोककथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात भेटतो. शेवट बदलायची मुभा या कथेत पहिल्यापासूनच आहे. मात्र नंतरच्या चित्रपटांनी दिलेले चेहरे, पोशाख, गाणी उचलायची नाहीत, हे आम्ही कटाक्षाने पाळलं.

सगळ्यात जास्त जीव ओतला तो पलंगाच्या प्रसंगात, जिथे लांडगा आजीचं सोंग घेऊन झोपलेला असतो. "तुझे डोळे एवढे मोठे कसे?" याचं उत्तर आमचा लांडगा घोकून आलेला असतो. मुलगी विचारते, "आजी, गोळी घेतलीस का?" लांडगा गप्प. सगळा हशा त्या गप्प बसण्यात आहे. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं की १२ चित्रं. पण चित्र नुसतं गोठवलं तर पात्रातला जीव जातो, म्हणून तेवढ्या वेळात त्याच्या कानाचं टोक हलतं आणि टोपीची नाडी हळूच सुटते. ॲनिमॅटिकवर, म्हणजे कच्च्या चित्रांच्या चालत्या आराखड्यावर, तो थांबा आम्ही दोन-दोन फ्रेमनी लांबवत, आखडत बसलो. उत्तर लवकर आलं तर गंमत पोचत नाही. उशीर झाला तर प्रेक्षक पुढे निघून जातो. आणि लांडग्याची घाबरगुंडी खरी हवी, त्याने प्रेक्षकाकडे बघून डोळा मारायचा नाही. यावर मी आजही अडून बसतो.

ही फिल्म बघून आलेली माणसं आता लोगो मागत नाहीत, गोष्ट घेऊन येतात. आमची टीम मात्र पुढच्या विडंबनात गुंतली आहे. ग्रिम बंधूंच्या झोपलेल्या राजकन्येच्या वाड्यात सगळेच शापाने झोपतात, तेव्हा आचारी स्वयंपाकघरातल्या पोऱ्यावर हात उगारता उगारता झोपतो आणि शंभर वर्षांनी उठल्या उठल्या त्याच्या थोबाडीत देतो. आमची गोष्ट त्या पोऱ्याची आहे.