सव्वादोन किलोचं बाळ

"मॅडम, आधी थायरॉईडची चिठ्ठी द्या, बाकीचं मग बोलू." खुर्चीत बसायच्या आत आईने सांगून टाकलं. बरोबर दहा वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी. कराडला माझा बालरोगाचा दवाखाना आहे, आणि सोमवारची सकाळ म्हणजे बाहेर ताप-खोकल्याची रांग. तरी यांना घाईत काढण्यात अर्थ नव्हता.

"तसं तो काही खातच नाही हो," आई म्हणाली. हे वाक्य माझ्याकडे इतक्या आया म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. पोळ्या तो खरंच दोनच खायचा.

वजन भरलं ५१ किलो, उंची १४६ सेंटीमीटर. वजनापेक्षा मला उंचीत जास्त रस होता. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २४ च्या जवळ, म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यात लठ्ठपणाच्या रेषेच्याही वर. पण उंचीने तो वयाच्या मानाने चांगलाच पुढे होता. थायरॉईड कमी पडलं किंवा शरीरात स्टिरॉइड जास्त झालं, तर मूल जाड होतं पण उंची अडते. जास्तीच्या खाण्यावर वाढलेलं मूल बहुधा सोबतच्या मुलांपेक्षा उंच असतं. "याला थायरॉईड असण्याची शक्यता फार कमी आहे," म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. आजार निघाला असता तर निदान गोळी तरी मिळाली असती!

मानेवर काळपट, मखमली पट्टा होता. "बेसन लावलं, लिंबू चोळलं, जात नाही." जाणार नाहीच, कारण तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्याने मानेची, काखेची कातडी अशी जाड नि काळी होते. पोराची मान लालभडक होईतो घासली होती. ते आधी थांबवायला सांगितलं.

मग मी त्याच्याकडूनच दिवस काढून घेतला. उठल्यावर मोठा कप दूध, त्यात माल्टची पावडर, वर दोन चमचे साखर. सातला व्हॅन. डब्यात जॅम-पोळी किंवा सॉस लावलेली फ्रँकी. व्हॅनमधून उतरल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून आंब्याच्या पेयाचं पाकीट. दुपारचं जेवण मोबाईलसमोर. चार ते सहा ट्यूशन, वाटेत वडापाव किंवा पाच रुपयांचं कुरकुरीत काहीतरी. बाबांचं होजिअरीचं दुकान साडेनऊला बंद होतं, म्हणून जेवण दहाला. झोप साडेअकरा-बारा, उठायचं सहाला. खेळ? "शाळेत पीटी असते ना," आई म्हणाली. आठवड्यातून दोनदा, त्यातही एक तास गणिताच्या बाई घेतात.

मी कागदावर साखर मांडली. वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या वयाला ते साधारण ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे बारा सपाट चमचे. दूध, जॅम आणि पाकीट मिळून वडापावच्या आधीच तो तिथवर पोचत होता. आई कागदाकडे बघत राहिली. यातलं बरंचसं तिच्या लेखी 'खाणं' नव्हतंच. झोपेचं सांगितलं तेव्हा तिला पटेना. पण अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं कमी होतं. शिवाय जागं मूल खायला काहीतरी शोधतंच.

इतका वेळ गप्प असलेल्या आजी तेव्हा बोलल्या. "मॅडम, ह्यो जल्मला तवा सव्वादोन किलोचा हुता. हाताच्या ओंजळीत मावायचा. डॉक्टर म्हनलं, वजन वाढवा. मी वाढीवलं."

सगळी गोष्ट तिथे उलगडली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं ताडून पाहिली होती. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ ची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी नि चरबी त्या मानाने टिकलेली. अशा बाळाचं पोषण व्हायला हवंच. मात्र ते भरून आल्यावरही तूप-साखरेचा मारा चालू राहिला, तर पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. आजींनी दोन वर्षांत काम फत्ते केलं होतं. थांबायचं मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही, मागच्या डॉक्टरांनीही नाही. दहा वर्षांच्या पोरात घर अजून ते ओंजळीतलं बाळच बघत होतं.

रक्तातली साखर, चरबी आणि यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या. यकृताचा आकडा वाढलेला निघाला.

त्याच दुपारी एक आठ वर्षांची मुलगी आली. तिचे बाबा तिला माझ्यासमोरच "गोड खाऊन फुगलीय" म्हणून रागावत होते. फुगलेली होती खरी, पण शाळेच्या नोंदीत तिची उंची वर्षभरात सेंटीमीटरभरही हलली नव्हती. या वयाला पाच-सहा वाढायला हवी. बद्धकोष्ठ, थंडी सोसत नाही, वर्गात पेंग. थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं टीएसएच शंभराच्या वर आलं. तिला बिचारीला बर्फीवरून वर्षभर बोलणी बसली होती.

मुलाच्या घरी मी डाएट चार्ट दिला नाही. मुलाचा वेगळा चार्ट भिंतीवर लागतो नि बाकीचे भजी खातात, हे मी पाहिलंय. पावडर आणि पाकीट बंद, मोबाईल ताटापासून दूर, आणि आजींनी नातवाला घेऊन आठला जेवायचं. दुकानाची वेळ बदलणार नव्हती. वजन कमी करायला मी सांगितलंच नाही. वाढत्या वयात ते थोपवून धरलं तरी उंची पुढे निघते. तीन महिन्यांनी तो ५१.५ किलो होता आणि १४८ सेंटीमीटर. आठचं जेवण आजींनी नेटाने पाळलं. पाकिटाचं तितकंसं जमलं नव्हतं, कारण व्हॅन अजून त्याच दुकानासमोर थांबते. ट्यूशन सोडायला आई तयार नाही. शेवटी सहा ते सात त्याला स्टेडियमवर सोडायचं बाबांनी कबूल केलं, तेवढा वेळ दुकान आई बघणार.